देवघरातला पेनड्राइव

माहेर माहं बाभुळगावच्या पलीकडलं, लहानसं खेडं, यष्टीवाल्याच्या मनात आलं तं थांबते नाही तं तशीच पुढं जाते. तिथं माहा काका मानसायचे कपडे शिवे, आन् मी त्याच्या मशीनीपाशी बसून काज-बटन करता करता शिकली. लगन होऊन इथं नेरले आली तवा संगं ही मशीन आनली, ही पाहा, हेच ते, पायाची. आमचे हे जिनिंगमधी होते, दिवसभर रुईच्या गाठी, घरी येत तवा कानाच्या केसात बी कापूस. घरात मी, हे, आन् माही सासू. आत्याबाई म्हनो मी त्याइले. निलेश मंग झाला, तो आता पुन्याले हाये. मी बायकायचे ब्लाउज शिवते, तीस वर्षं होऊन गेली, आन् ताई, मशीनीनं मले कधी दगा देल्ला नाही. दगा देल्ला तो त्या टीव्हीच्या डब्यानं. त्याच्यापायी माह्या सासूचा आवाज त्या तिकडं देवघरात पडून हाये आन् मले तो काढता येऊन नाही राह्यला. सांगते, सगळं सांगते, पन पह्यलेपासून सांगू द्या, नाही तं तुमाले समजनार नाही.

तं टीव्हीचं आन् ब्लाउजचं काय घेनंदेनं, हे अगुदर आयका. बाया माह्याकडं येत आन् म्हनत, सुमनबाई, काल त्या सिरीयलमधल्या मोठ्या सुनेनं घातलं होतं ना, मागून खोल गळा, दोऱ्या बांधलेला, तसं पाह्यजे. मी म्हनो कसा खोल, चौकोनी का गोल, तं बोटानं हवेत काढून दाखवत, असा असा. आता हवेतल्या गळ्यावर कापड कापता येते का, तुमीच सांगा. तं आमच्या यायनं एक दिवस व्हीसीआर आनला. इथलं व्हिडिओ पार्लर बंद पडून राह्यलं होतं, त्यायच्यापासून घेतला. मंग काय, रोजची सिरीयल मी कॅसेटवर भरून घेऊ, सकाऊन सयपाक झाला का लावू, आन् ते बाई पाठमोरी झाली का बटन दाबून तिले उभी करू. टीव्हीले नाक लावून गळा पाहू, पेपरवर काढू, कापू. पांढरकवड्यापासून बाया येत माह्याकडं. आन् त्या व्हीसीआरचा एक मोठा गुन होता बरं का, तो आपलं चॅनल आपन पकडून भरत राहे आन् तिकडं टीव्हीवर आत्याबाई आपलं कीर्तन पाहत राहत. कोनाचा कोनाले तरास नाही.

मंग ते डिजिटल आलं. केबलवाला गजानन घरी आला, हातात डबा, म्हने वहिनी आता याच्याबिगर काई दिसनार नाही, पन चित्र पाहान तं आरशासारखं. चित्र आरशासारखं आलं, मी नाही म्हनत नाही. पन बाकीचं सगळं बह्याडपन. त्या डब्यात जे चॅनल लागलं तेच टीव्हीत जाये आन् तेच व्हीसीआरमधी जाये. व्हीसीआरले सोताचं काई पकडताच येईना. म्हनजे मले सिरीयल भरायची असन तं आत्याबाईनं बी सिरीयलच पाहायची, आन् रिमोट एक, आन् बाया दोन.

एकदा काय झालं, त्या सिरीयलमधी लगन होतं, आठ दिवसांपासून दाखवू दाखवू म्हनून राह्यले होते, आन् माह्याकडं दोन नवऱ्या नंबर लावून बसल्या होत्या, का आमाले तसंच पाह्यजे. मी कॅसेट लावून यायच्या चुलतभावाकडं बारशाले गेली. आत्याबाईले सांगून गेली का डब्याले हात लावू नका. घरी येऊन पाहाते तं नवरी मंडपात आली, हार घेतला, आता वळते, आता वळते, आन् वळली तवा एकदम बुवा! फेटा, उपरनं, टाळ. पुढली सारी कॅसेट कीर्तन. मी म्हटलं आत्याबाई, आता मी नवरीले काय बुवाच्या उपरन्याचा गळा शिवू? तं मले म्हने, मी डब्याले कुठी हात लावला, मी रिमोटले लावला. असं बोले ते बाई. मी दोन दिवस बोलली नाही त्यायच्यासंगं. त्या बोलत राहिल्या, त्याइले काई फरक पडे नाही.

पुढं व्हीसीआर बी बसला, त्याले दुरुस्त करनारं कोनी राह्यलं नाही. मंग गजाननानं दुसरा डबा आनून देल्ला, म्हने वहिनी, याच्या पाठीमागं पेनड्राइव लावा, हाच भरून घेते. भरे बी. आन् थांबवलं का चित्र असं ठक्क उभं राहे, कॅसेटवानी थरथर नाही. करीमभाई मोटार वाइंडिंगवाले, मागच्या गल्लीत, त्यायची शबाना आपल्या बहिनीच्या लगनाचं कापड घेऊन आलती, तिले मी असंच थांबवून दाखवलं, तिनं मोबाइल काढून टीव्हीची शूटिंग घेतली, म्हने चाची, अम्मी को घर जाके दिखाती, उनको पसंद आया तो यही गला. मी म्हटलं घे बाई.

आता आयका खरं, शबाना आली त्याच्या अगुदरचं. आमच्या आत्याबाई भजनवाल्या. खंजेरी वाजवत, आन् आवाज असा का माईकची गरज नाही. नवरात्रात इथल्या केबलच्या चॅनलवर बायकायच्या भजनाची स्पर्धा दाखवत, त्या साली आत्याबाईचं मंडळ गेलं, सगळ्यात म्हाताऱ्या ह्याच. मी घरून निघाच्या अगुदर डब्यात येळ लावून ठेवली, आन् त्यानं बरोबर भरून घेतलं. पुरं भजन. आत्याबाई मधात बसून खंजेरी वाजवून राह्यल्या, पदर डोक्यावरून घसरून राह्यला, त्याची सुध नाही. मी शिवलेलं ब्लाउज अंगात, हिरवं.

मंग रोजचं झालं. चार वाजता चहा झाला का सुमन, माहं भजन लाव. मी हातातलं काम टाकून लावू, त्या सोताले पाहत, संगं संगं मांडीवर ठेका धरत, आन् दर डाव म्हनत, इथं माहा सूर उलीसा हालला. दर डाव! मले इतका कंटाळा आलता त्या भजनाचा, खोटं कायले बोलू.

आन् मंग तो डबा बिघडला. मधातच अडके, रिमोटचं आयके नाही. मी गजाननच्या मागं लागली, एक महिना मागं लागली, बदलून दे, बदलून दे, रस्त्यात दिसला तं रस्त्यात, बाजारात दिसला तं बाजारात. तो म्हने आननार, आननार. आन् ज्या दिवशी आनला त्या दिवशी मी जुना डबा सोता पुसून त्याच्या हातात देल्ला, म्हटलं न्या एकदाचा. पेनड्राइव काढून ठेवला होता ना, मले काय चिंता. भरलेलं त्याच्यात हाये, डब्यात थोडंच हाये, असं मी समजली. कोनी बी असंच समजन ना ताई? डबा बदलला म्हनून भाजी बदलते का?

चार वाजता लावला पेनड्राइव नव्या डब्याले. इंग्रजीत काई तरी आलं आन् बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गजाननले फोन केला, तं म्हने वहिनी, ते ज्या डब्यात भरलं त्याच डब्यात चालते, दुसऱ्यात नाही उघडत, कंपनीचं तसंच हाये. म्हटलं मंग जुना डबा वापस आन. म्हने तो तं पोतं भरून वर कंपनीत गेला, बाकीच्याइच्या संगं, आता कुठी शोधू. म्हटलं गजानन, देतानी सांगाले काय झालं होतं तुले? तं म्हने, तुमी इचारलं कुठी? आता हे उत्तर हाये का! त्याले दोष देते, पन रात्रंदिवस त्याच्या मागं कोन लागलं होतं, मीच ना. पुसून कोनं देल्ला?

आत्याबाई तं रोज इचारत. चार वाजले का, सुमन, निघालं का माहं भजन? मी म्हनो नाही निघालं. त्या म्हनत, असन त्याच्यात, पाह्य नीट. निलेशले पाठवला पेनड्राइव, त्यानं तिकडं कम्प्युटरवर लावून पाह्यला, म्हने आई, फाइल दिसते, उघडत नाही. मोबाइलच्या दुकानात देल्ला, तो म्हने पुसून नवीन करून देऊ का, मी त्याच्या हातातून हिसकून घेतला. एक वर्ष असं चाललं. आन् मागच्या पोळ्याच्या आठ दिवस अगुदर आत्याबाई गेल्या. चार दिवस तापाचं निमित्त झालं. भजन पाहाचं राहूनच गेलं त्याइचं.

मंग यायनं तो पेनड्राइव देवघरात ठेवला. कुंकू बी लावलं. मी म्हटलं अहो, हे काय, तं म्हने मायचा आवाज हाये त्याच्यात, मंग कुठी ठेवू, कपाटात? हे जास्त बोलनारं मानूस नाही. पन पूजेले बसले का एकडाव उचलून पाहत, मंग माह्याकडं पाहत. बोलत काई नाही. बोलले असते तं बरं झालं असतं, मले भांडता तरी आलं असतं.

आन् आता हे दोन महिन्याआधीची गोष्ट. शबाना आली, नंदेचं ब्लाउज शिवाचं म्हने, चाची, वही गला जो बाजी को बनाया था. मी म्हटलं बाई, तुह्या बहिनीच्या गळ्याचा पेपर कुठी गेला काय माहीत, आन् भरलेलं तं उघडत नाही. ते म्हने, मेरे पास है ना, आन् मोबाइलमधी शोधाले लागली. काढलं, माह्यापुढं धरलं. ते सिरीयलवाली पाठ करून उभी, मी गळ्याकडं पाहून राह्यली, आन् त्या शूटिंगमधी पाठीमागून आवाज आला. आत्याबाई! आपल्या खाटेवरून, साफ. सुमन, अवं किती येळची उभी केली तिले, पाय दुखले असन तिचे, सोड आता, आन् माहं भजन लाव.

माह्या हातातला मापाचा टेप खाली पडला. हे बाहेर पेपर वाचून राह्यले होते, चपला न काढता आतमधी आले. शबाना घाबरली, म्हने क्या हुआ चाची. यायनं तिले म्हटलं, बेटा, फिरसे लगा. तिनं लावलं. पुन्हा म्हटलं, फिरसे. पाच-सहा डाव आयकून मंग खाटेवर जाऊन बसले, त्याच खाटेवर, आन् लहान लेकरासारखे रडले. माय गेली तवा नाही रडले ते तवा रडले. मी बी रडली. शबाना बी, बिचारी, तिले काई समजलं नव्हतं तरी.

तिनं ते यायच्या मोबाइलमधी टाकून देल्लं. शिलाई घेतली नाही मी त्या पोट्टीची, तिचं लेकरू-बाळ सुखी राहो, तिच्या हाताले देव यश देवो. भजन काई निघालं नाही ताई, ते आता निघतही नाही, मी ते सोडून देल्लं. पेनड्राइव तसाच हाये देवघरात, राहू द्या. मोबाइलमधी हे चार वाजता लावतात, बरोबर चार वाजता. सोड आता, आन् माहं भजन लाव, एवढंच. यायले तेवढ्यावर बरं वाटते. पन मले पुढलं बी आयकावं लागते ना. आत्याबाईच्या पाठोपाठ माहा आवाज हाये त्याच्यात, चिडलेला, मी म्हनून राह्यली, थांबा ना हो आत्याबाई, कायले घाई करून राह्यल्या?