गुडघा का टेकलास?

रडायचं असेल तर खिडकीकडे तोंड करून रड, नोलन, बापाला आवाज नकोय — आणि सीटचा पट्टा लाव, रस्त्यावर नुसता बर्फ आहे. काय म्हणत होतो मी? हां, गुडघा. का टेकलास? शिट्टी वाजली होती? नव्हती वाजली. त्यांचा एमेट आडवा, त्यांचा गोलकीपर जाळं सोडून त्याच्याकडे धावलेला, पकची चकती तुझ्या स्टिकपाशी — तुझ्या आजीनंसुद्धा गोल मारला असता, घरातल्या चपला घालून. आणि आमचे चिरंजीव काय करतात, तर स्टिक टाकून गुडघा टेकतात.

कुणाला लागलं की सगळ्यांनी गुडघा टेकायचा, हे मला माहीत नाही? याच बर्फाच्या रिंकवर हॉकी खेळत, गुडघे टेकत मोठा झालोय मी. पण तो शिट्टीनंतर, बाळा. आधी गोल, मग माणुसकी. तू टेकलास, तुझं बघून बाकीची मेंढरं टेकली, आणि एका गोलनं हरलो. सस्कॅचवान प्रांताच्या संघासाठी पोरं निवडणारा तो माणूस माझ्या शेजारी होता — मुद्दाम बसवला होता, डोनट खाऊ घालून — तो काय म्हणाला? पोरगा सभ्य आहे म्हणाला. सभ्य. सभ्य पोरं पाण्याच्या बाटल्या भरायला ठेवतात रे.

एमेटला पाडलंस त्याबद्दल तक्रार नाही. कडक धडक होती. पाठीत मारायचं नसतं, जर्सीवर मागं ते लाल 'थांबा' शिवलेलं असतं, सगळं खरं — पण घसरलो म्हणायचं. रेफरी काय आपल्या मनात शिरतो? कोच विचारेल, आई विचारेल, तू घसरलास. म्हणून दाखव. बरं, नको म्हणूस, घरी गेल्यावर म्हण.

आणि एमेट काही मरत नाही. अँब्युलन्स काय, जरा कुठं लागलं की नेतेच. उन्हाळाभर आपल्याकडे राहिला, तुझ्या खोलीत झोपला, माझ्या हातचे पॅनकेक हाणले — म्हणून रिंकवर तो तुझा भाऊ? तसाही त्याचा खांदा आधीच गेलेला. त्याच्या आईनंच सांगितलं मला, सकाळी कॉफीच्या रांगेत — डावा खांदा अजून भरला नाही, डॉक्टर नको म्हणत होते, पण हा ऐकतो कुठं, कुणाला बोलू नकोस हं डार्सी — म्हणून तर तुला म्हटलं ना, डावीकडूनच घे त्याला —

काय?

असा काय बघतोस? सगळेच बाप सांगतात. तोंडावर सांगत नसतील, पण सांगतात. तुझ्यासाठीच ना केलं मी, का माझ्यासाठी? डोळे खाली कर. नाही करत? बरं. उतर मग. उतर म्हणतोय ना, घराचा दिवा समोर दिसतोय, चालत ये, थंडीनं डोकं ठिकाणावर येईल. हातमोजे घाल. बॅग राहू दे.

दार नीट लाव.

अरे — घर इकडं आहे. तिकडं कुठं? दवाखाना पार गावात आहे, नोलन, गोठून मरशील — नोलन —