विसावा हिस्सा

(रेसकोर्सवर पैसे लावायच्या खिडकीसमोरची रांग. शेवटची शर्यत उरली आहे.)

भाऊ: नियम कुठे मोडला मी? एका शर्यतीला विसाव्या हिश्शाच्या वर छदाम लावलेला नाही.

ताई: विसावा हिस्सा कशाचा?

भाऊ: पिशवीतल्या पैशांचा. नेहमीसारखाच. दे लवकर, रांग सरकतेय.

ताई: नेहमी दोनशे मागायचास. आज पहिल्याच शर्यतीला बावीसशे मागितलेस. मला वाटलं, कुठलीतरी जुनी उधारी वसूल झाली असेल. मी आपली मुकाट्याने काढून देतेय.

भाऊ: भांडवल वाढलं की हिस्सा वाढतो. साधा हिशोब आहे.

ताई: आत्ता तळाशी हात घातला, तर हाताला नाडी लागली. नोटांना परकराची नाडी बांधून ठेवणारी बाई सगळ्या जगात एकच आहे.

भाऊ: हळू बोल ना.

रांगेतला माणूस: सरका हो पुढे.

ताई: सोमवारी दवाखान्यात भरायचेत ते पैसे. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे.

भाऊ: भरणारच होतो. पण डॉक्टरांनी दोन्ही डोळे सांगितलेत, आणि पैसे एकाचेच आहेत. दोनशे-दोनशे लावून दुसरा डोळा कधी व्हायचा? दुकानात दिवसाला दोन घड्याळं येतात, तीही सेल बदलायला.

ताई: म्हणून आईचे चाळीस हजार पिशवीत ओतलेस. आणि वर नियम पाळला म्हणून मिरवतोस.

भाऊ: पाळला म्हणूनच चार शर्यती हरूनसुद्धा पस्तीस हजारांच्या वर शिल्लक आहेत. दुसरा कोणी असता तर केव्हाच धुऊन निघाला असता.

ताई: तुझे चार हजार होते, ते गेले. आईचेही चार गेले. आता एक डोळासुद्धा होत नाही.

भाऊ: म्हणूनच म्हणतोय, या वेळी आठ दे. एकास एक भाव आहे. घोडा आला की गेलेले सगळे परत. मग पुन्हा विसावा हिस्सा, शप्पथ.

ताई: आठ हजार म्हणजे विसावा हिस्सा?

भाऊ: एवढ्या एका वेळेपुरतं ग.

ताई: गेलेल्या पैशांच्या मागे लागणारा माणूस घरी पायी जातो, हे इथे चार लोकांना गोळा करून कोण सांगत असतं?

भाऊ: सांगताना खिशात आपलेच पैसे असतात. आज पहिल्या शर्यतीला घोडे सुटले आणि मला आईच दिसायला लागली. भिंत चाचपत न्हाणीघराकडे चाललेली.

ताई: तेव्हाच निघायचं होतंस.

भाऊ: पाय निघेना.

रांगेतला माणूस: अहो बाई, लावायचं नसेल तर बाजूला व्हा.

ताई: घे. धर पिशवी.

भाऊ: मला नको देऊस. तू काढून देशील तेवढंच लावायचं, असं ठरलंय आपलं.

ताई: सहा महिने मी धरली, म्हणून तुला वाटलं, तू सांभाळतोयस. आता तूच काढ. आठ काढ, नाहीतर सगळे काढ. मी हात लावणार नाही.

खिडकीवाला: बोला. कितवा घोडा, किती?

भाऊ: ताई, काहीतरी बोल ना.

ताई: माझं बोलून झालं.

खिडकीवाला: साहेब, खिडकी बंद होईल. किती?

भाऊ: मागच्यांना येऊ द्या.

ताई: चल. या बाजूने.

भाऊ: सुटले वाटतं घोडे.

ताई: सुटू देत.

भाऊ: लोक ओरडतायत. तोच आला असेल का ग?

ताई: विचारू नकोस. चालत राहा.

भाऊ: आईला मी सांगतो. तू फक्त खोलीतून उठून जाऊ नकोस.