केळीच्या घडाची किनार

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं वर्षा! बोल, बोल. थांब जरा, पंखा बंद करते, त्याच्या खडखडाटात काही कळत नाही… हं, आता बोल.

हो, घरीच आहे. या उन्हात डिंडोलीत कोण बाहेर पडतंय?… हर्षदा? ती दळण आणायला गेलीय. येईल इतक्यात… नाही गं, एकटी नाही, शेजारची कविता आहे सोबत.

का, काय झालं?… कोणी सांगितलं?… कुंदनने? बघ, माझ्याकडे लग्नाची पत्रिका द्यायला आला, पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि तिकडे चोपड्याला पोचून तुझ्या कानात हे भरलं होय!… हो, खेळत होती. मी कुठे नाही म्हणते? मोबाईलवर गेम खेळत होती, आणि मी तिच्या शेजारीच बसले होते… अगं ऐक ना. मी पण खेळत होते.

हस, हस… नाही, डोकं ठिकाणावर आहे माझं. शिकवणारीने आधी स्वतः हात घालून बघावं. तीस वर्षं म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत तेच केलं ना मी? पोरं विटीदांडू खेळायची तेव्हा मी विटी मारली. आता पोरं हे खेळतात, तर हे.

नाही, सगळे गेम सारखे नसतात, वर्षा. ते गोळ्या झाडायचे माझ्या घरात बंद. ते रंगीत गोळ्या-बिस्किटं फोडायचे, ते तर आधीच बंद, कारण दर दोन मिनिटांनी काहीतरी विकत घ्या म्हणतं ते. हा ठोकळ्यांचा आहे. ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा, घर बांधायचं, विहीर खणायची, शेत करायचं… हो, खोटं खोटं. आपण भातुकलीत खरा स्वयंपाक करत होतो का गं?… मी? मी फारच वाईट खेळते. चालायला गेले की भिंतीवर आपटते. परवा स्वतःच खणलेल्या विहिरीत पडले, हर्षदाने शिडी लावून काढलं मला. माय वं, किती हसली पोरगी!

काय?… काय म्हणालीस? उद्या?… योगराज उद्या न्यायला येतोय तिला?

अगं पण आपलं ठरलं होतं ना, अकरावीला इथेच घालायचं म्हणून? सुट्टी माझ्याकडे, आवडलं तर पुढचं शिक्षणही माझ्याकडे… ठरलं होतं, वर्षा. तूच म्हणालीस, ताई, तुझ्याजवळ राहिली तर पोरीचं काहीतरी होईल… हो, मग झालंय ना काहीतरी! तेच सांगायला मी रविवारी फोन करणार होते.

नाही, रागावत नाहीये. तुझी नात आहे, योगराजची लेक आहे, तुमचा अधिकार. फक्त माझं पूर्ण ऐकून घे. मग न्या… हो, शांतपणे. तू पण बस… पाणी घे.

ऐक. माझ्याकडे दुपारी पाच-सहा पोरं येतात, माहीत आहे तुला. मुलाने दिलेला जुना कॉम्प्युटर, त्यावर मी त्यांना ऑफिसचं काम शिकवते. आधी अर्ज टाइप करायला. त्या लिहायच्या प्रोग्रामचं आणि माझं काही जमत नाही बघ. मराठी लिहिलं की खाली लाल रेघ. ‘बाजरी’ लिहिलं, लाल रेघ. ‘वर्षा’ लिहिलं, तरी लाल रेघ!… हो, तू चुकीची आहेस त्याच्या मते. आणि ते दुसरं, भाषणासाठी पानं करायचं. पोरांना तेच आवडतं. अक्षरं गरगर फिरत येतात, वरून पडतात. मी म्हणते, बाळांनो, सांगण्यासारखं काही असलं तर अक्षर गप उभं राहिलं तरी लोक वाचतात.

मला आवडतो तो चौकटींचा तक्ता. उभे रकाने, आडव्या ओळी… हो, तोच, हिशेबाचा. पण मी त्यात पोरांना चित्रं काढायला लावते. रकाने अरुंद केले की सगळ्या चौकटी चौरस होतात. एकेक चौकट रंगवत जायची. आठवतं, तुझे दाजी काय करायचे?… बरोबर! काशिनाथरावांनी जन्मभर तेच केलं. साडीच्या डिझाइनचा ग्राफ, चौकटींचा कागद, बारीक कुंचला. एक चौकट म्हणजे एक धागा. डोळे गेले त्यात त्यांचे.

तर हर्षदाने हे बघितलं आणि म्हणाली, आजी, हे तर माझ्या गेमसारखंच आहे! ठोकळ्यांच्या जागी धागे… स्वतः म्हणाली गं, मी एक शब्द बोलले नव्हते. आणि बसली. चार दिवस बसली. साडीची किनार काढली. काय काढलं असेल?… मोर नाही… कोयरी पण नाही. केळीचे घड! ओळीने घडच घड, मध्ये एकेक पान… अगं हो, केळीचे! चोपड्याची पोरगी, दुसरं काय काढणार?

हं?… मोबाईलवर नाही, कॉम्प्युटरवर. मोबाईलवर असलं काम होत नाही. बोट जाड, चौकट बारीक, एक रंगवायला गेलं की तीन रंगतात. मोबाईल वाचायला बरा, तुझ्याशी बोलायला बरा… आता ऐक, गंमत पुढेच आहे.

इथून जवळ सचिन म्हणून कारखान्यांची वसाहत आहे, तिथे ललितभाईंचं युनिट आहे, साडीवर नक्षी विणायची जेकार्डची मशिनं आहेत. तुझ्या दाजींचे जुने ओळखीचे. मी तिला घेऊन गेले. त्यांच्या डिझाइनवाल्याने तिचा तक्ता मशीनच्या प्रोग्राममध्ये उतरवला आणि वीतभर नमुना विणून दिला. आणि वर्षा, काय निघालं सांगू? केळी नाहीतच! शेवग्याच्या शेंगा! लांबच लांब, लटकलेल्या!… अगं हो ना! सगळे खो खो हसायला लागले. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

मला कारण ठाऊक होतं. पण मी गप्प बसले… का म्हणजे? सांगून टाकलं तर शिकणार कधी? घरी आलो, जेवली नाही नीट. मग माझी भिंगाची काच घेतली आणि कापडावर ओणवी झाली. बराच वेळ. आणि मग ओरडलीच. आजी, उभे धागे दाट आहेत आणि आडवे विरळ! चौकट कापडावर चौरस राहतच नाही, लांब होते!… कळलं का? म्हणजे कागदावरच चौकट तशी लांबट घ्यायची आणि त्यात केळं केळ्यासारखं काढायचं. तिने तक्त्यातले रकाने आणखी अरुंद केले, ओळी उंच केल्या, आणि सगळे घड पहिल्यापासून परत काढले. सगळे! तुझ्या दाजींना हे उस्तादाने सांगितलं होतं गं. हिला कोणी नाही सांगितलं.

काल दुसरा नमुना आला. माझ्या मांडीवर आहे आत्ता. भरलेले, गोल, कापायला आलेत असे घड. ललितभाई म्हणाले, “शोभाबेन, आ छोकरीने दर रविवारे मोकलजो.” दर रविवारी पाठवा म्हणे, डिझाइनच्या खोलीत बसू दे, शिकू दे.

हॅलो?… वर्षा?… कोणाशी कुजबुजतेस?… काय?… योगराज तिथेच आहे? पहिल्यापासून ऐकतोय?… मग सांगायचं नाही का! दे, त्याला दे.

योगराज?… हं, बाळा, फोन उजव्या कानाला लाव… लावलास? ऐकू येतंय ना?… बरा आहेस?

बोल… हो… हो… नाही, तू बोल, मी मध्ये बोलत नाही.

…

मला वाटलंच होतं. तुझी अडचण गेम नाहीच मुळी. तुला लूमची, त्या विणायच्या मागांची भीती वाटते… वाटणारच. नवागामच्या त्या खोलीत तू आणि आठ जण, लूमवर रात्रपाळी, आणि त्या आवाजाने गेलेला तो डावा कान. मी विसरले नाही रे. डॉक्टरकडे तुला मीच नेलं होतं. गावी परत जा, हेही मीच म्हटलं होतं.

नाही. ऐक माझं. हर्षदा लूमवर उभी राहणार नाही. काचेमागची खोली आहे डिझाइनची, दार बंद असतं, आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसते. पेपर वाचते. दर रविवारी बसेन… शाळा? ती तर आहेच. अकरावी, बारावी, त्यात तडजोड नाही. जेवताना मोबाईल कपाटात, हा माझा नियम आहे, तुझी लेक पाळते. कुंदन आला तेव्हा जेवण झालेलं होतं, हे त्याने सांगितलं नसेल.

आणि एक सांगू? तुझं शिक्षण मध्ये सुटलं, तरी तू माझ्याकडे शिकलेल्यांत हुशारच होतास. ही पोरगी तुझ्यावर गेलीय. शेंगा निघाल्या म्हणून रडत नाही बसली.

हं?… काय विचारलंस?… घडातली केळी?… थांब हं, कापड उजेडात धरते… वर. वर वळलेली आहेत. टोकं आभाळाकडे… हो रे! डिझाइनवाला म्हणत होता, खाली कर, लोकांना तशीच सवय असते. ती म्हणाली, माझे पप्पा केळीचे घड भरतात गाडीत, मला माहीत आहे कशी वळतात ती.

…

योगराज?… काय?… हो, सगळ्यांसमोर म्हणाली. खरंच म्हणाली.

हो, ये ना उद्या, येच. अमळनेरहून सकाळच्या गाडीत बस, जेवायला घरी. मग तिघं जाऊ सचिनला, तू स्वतः बघ ती खोली. दार लावल्यावर आवाज येतो का, ते तू तपास. मला नाही तेवढं कळणार… आणि बघूनही नको वाटलं तर तिची बॅग मी भरून देईन. शब्द आहे माझा… नाही, तिला अजून काही सांगत नाही. तूच सांग, समोर बसवून.

काय?… परतीचं तिकीट? ते तू बघ बाबा, ते मी कसं सांगू?… हं… किती?… पुन्हा सांग, नीट ऐकू नाही आलं.

एकच?

बरं… बरं, बाळा. ये सांभाळून. ठेवते.