चार नंबर ठीक आहे

(वेस्ट व्हर्जिनिया. कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानाबाहेरचं पार्किंग, दुपारचे पावणेचार. मराठी मंडळाच्या सहलीची बस इंजिन चालू ठेवून उभी. घडीच्या खुर्चीत गुरुनाथ, मांडीवर पुठ्ठ्याची पाटी. शेजारी त्यांची बायको पद्मिनी; दोघं साताऱ्याहून मुलगी आणि जावई सुशांत यांच्याकडे आले आहेत. मुलगी अहिल्या बसकडून आली आहे.)

गुरुनाथ : ...तेव्हा कोणाच्याही दबावाला बळी न पडता मी पुन्हा एकदा जाहीर करतो, की चार नंबरच्या त्या कुत्रीचं काय झालं हे मला कळेपर्यंत या देहात अन्नाचा कण जाणार नाही. इतिहास याची नोंद घेईल.

पद्मिनी : मिशीला आइसक्रीम आहे.

गुरुनाथ : ते घोषणेच्या आधीचं आहे.

अहिल्या : बाबा, बसमध्ये अडतीस सीनियर सिटिझन्स ताटकळलेत. ड्रायव्हर चारला निघणार म्हणजे निघणार. तीन तासांचा ड्राइव्ह, त्यात अर्ध्या लोकांना दर तासाला रेस्टरूम लागते. उठा.

गुरुनाथ : बसमध्ये छत्तीसच आहेत. दोघं माझ्यामागे उभे आहेत, पाठिंबा म्हणून.

पद्मिनी : वीणाताई आणि त्यांचे मिस्टर. त्यांना वाटलं, बसची रांग इथून लागते. मराठी पाटी दिसली, राहिले उभे.

अहिल्या : पाटी मराठीत का लिहिलीत पण?

गुरुनाथ : निषेध मातृभाषेतच होतो. इंग्रजीत नुसती तक्रार होते.

अहिल्या : हंगर स्ट्राइक इथे कुणाला समजत नाही, बाबा. गार्डला वाटलं, तुम्हाला भूक लागलीय.

गुरुनाथ : ठाऊक आहे. आधी त्याने खुर्ची दिली, मग बुफेचं कूपन दिलं. साठीपुढच्या माणसाला एक प्लेट फुकट. साताऱ्याला पाण्यासाठी बसलो होतो, तेव्हा निदान पोलीस तरी आले होते. संध्याकाळी खुद्द तहसीलदार लिंबूपाणी घेऊन आले. इथे साधा शत्रू मिळेना.

पद्मिनी : तहसीलदारांच्या पुतणीची वरात त्या रस्त्याने जायची होती.

अहिल्या : बरं, नक्की झालं काय ते तरी सांगा. मी तेव्हा आत सगळ्यांना कूपनं वाटत होते.

गुरुनाथ : सहल तूच ठरवलीस.

अहिल्या : मी स्वच्छ रेस्टरूम, व्हीलचेअरचा रॅम्प आणि व्हेज बुफे बघितला. सकाळी मंदिर, दुपारी इथे. फ्लायरवर लिहिलं होतं, सर्व वयांसाठी मजा.

गुरुनाथ : ती कुत्री दोन वर्षांची असेल-नसेल. सर्व वयांत बसते.

अहिल्या : बाबा, प्लीज.

गुरुनाथ : ऐक. पेटीतून आठ कुत्री सुटली. पुढे रुळावरून कापडाचा ससा. पहिल्याच वळणाला एकाचा धक्का दुसऱ्याला, दुसऱ्याचा हिला, आणि ही कठड्यावर. मला वाटलं, संपली. तर उठली. उठली आणि त्या चिंधीमागे पळायला लागली. तीन पायांवर, अहिल्या. चौथा नुसता लोंबत होता.

पद्मिनी : तोंडाला मुसकं. ओरडली असेल तरी काय ऐकू येणार, वर ते गाणं लावलेलं.

गुरुनाथ : बाकीची सात पुढे गेली, कोणीतरी जिंकलं. एक बाई आली, हिला उचलून गाडीत घातलं, वाळूवर फळी फिरवली. सहा मिनिटांत मैदान सपाट. आमच्या नगरपालिकेने इतक्या तत्परतेने कधी खड्डा बुजवलेला नाही. आणि बघायला आम्ही किती? सहा. त्यातले चार मंडळाचे.

अहिल्या : बाकी पब्लिक आत जुगाराच्या मशीनवर असतं. मी आता फोनवर वाचलं. बहुतेक स्टेट्सनी ह्या रेसेस कधीच बंद केल्यात. इथे मशीनं चालवायची असतील तर कुत्री पळवावीच लागतात, असा कायदा आहे. आणि पैसे लावणारे कुठे कुठे बसून फोनवर लावतात.

गुरुनाथ : म्हणजे जे बघत नाहीत त्यांच्यासाठी पळायचं, आणि मोडायचं कोणाला न दिसता. गार्डला विचारलं, शर्यत नसते तेव्हा कुठे ठेवता? म्हणाला, पिंजऱ्यात, वीसेक तास. वर म्हणतो, त्यांना पळायला फार आवडतं, सर. वीस तास कोंडा, मलाही आवडेल.

अहिल्या : चार नंबरचं विचारलंत ना त्याला?

गुरुनाथ : तीनदा. पहिल्यांदा आत जाऊन आला नि म्हणाला, चार नंबर ठीक आहे, आत्ता पळतेय. मी धावत कठड्याशी गेलो. खरंच पळत होती. पण काळी होती. माझी बदामी.

अहिल्या : ती पुढच्या रेसची चार नंबर होती, बाबा.

गुरुनाथ : ते मला दुसऱ्यांदा कळलं. तिसऱ्यांदा तर तो नर होता. तोही ठीक होता. माणूस खोटं बोलत नाही गं. इथे दर पंधरा मिनिटांनी चार नंबर ठीक होते.

अहिल्या : मग नावाने विचारू. तिचं नाव काय?

गुरुनाथ : त्या पुस्तिकेत असेल. ती मी टाकली.

पद्मिनी : का टाकली तेही सांगा.

गुरुनाथ : पद्मिनी.

पद्मिनी : मग मी सांगते. दोन डॉलर लावले होते ह्यांनी चार नंबरवर. खिडकीतल्या बाईशी काय फर्डं इंग्रजी. शर्यत सुटल्यावर उभे राहून ओरडत होते, पळ गं माझे बाई, पळ. आणि ती पडली तेव्हा तोंडातून पहिलं काय आलं? गेले पैसे.

गुरुनाथ : ते पहिलं.

पद्मिनी : दुसरं काही आलंच नाही. खाली बसलात ते बसलात.

अहिल्या : म्हणून हा उपास.

गुरुनाथ : उपोषण निषेधाचं आहे. कोणाकोणाचा निषेध, तेवढं लिहायला पुठ्ठ्यावर जागा पुरली नाही.

पद्मिनी : पुस्तिका माझ्या पर्समध्ये आहे. ह्यांनी टाकली, मी उचलली. चकल्यांची पिशवी फाटली होती, बांधायला कागद हवा होता.

अहिल्या : आई, दे बघू. ई, तेलकट झालीय पूर्ण. रेस सेव्हन... चार नंबर. बदामी, मादी, दोन वर्षं, साठ पौंड. नाव, डोन्ट वरी मार्था.

गुरुनाथ : काय?

अहिल्या : काळजी करू नकोस, मार्था. असंच नाव आहे.

गुरुनाथ : तिला काळजी करू नको म्हणाले, आणि स्वतःही केली नाही.

अहिल्या : मागच्या पानावर एका ॲडॉप्शन ग्रुपचा नंबर आहे, रिटायर झालेल्या कुत्र्यांसाठी. थांबा, लावते. हॅलो? हाय, एका डॉगबद्दल विचारायचं होतं... डोन्ट वरी मार्था. नो नो, मी तुम्हाला नाही म्हणत, तिचं नाव आहे ते. ओके, आय विल होल्ड.

पद्मिनी : अहो, पाटी उलटी धरलीय तुम्ही.

गुरुनाथ : उपोषणाने.

पद्मिनी : तासाभराच्या?

अहिल्या : शू. येस... येस... ओके. एक मिनिट हं, आई-बाबांना सांगते. बाबा, आहे ती. आत ट्रकमधल्या पिंजऱ्यातच आहे अजून. मागच्या पायाचा सांधा मोडलाय.

गुरुनाथ : अजून पिंजऱ्यात. सव्वा तास झाला.

अहिल्या : मालक ऑपरेशन करणार नाही. पाच वाजेपर्यंत कुणी घेतली तर न्या, नाहीतर...

पद्मिनी : नाहीतर काय ते सांगू नकोस.

अहिल्या : ह्यांच्याकडे सर्जन तयार आहे, गाडी वाटेत आहे. फक्त नंतर ठेवायला घर नाही. सहा आठवडे प्लॅस्टर. दिवसभर घरात कुणीतरी लागेल. ते घर मिळालं तरच ह्या फोनवरच्या बाई आता सही करून तिला ताब्यात घेऊ शकतात.

गुरुनाथ : मग सांग ना, घर आहे.

अहिल्या : कोणतं घर? मी आणि सुशांत सकाळी आठला बाहेर पडतो. तुम्ही तीन आठवड्यांनी साताऱ्याला. उपोषण सोपं असतं, बाबा, खुर्चीत बसून होतं. तिला दिवसातून पाचदा उचलून बाहेर न्यायचंय. साठ पौंड. सत्तावीस किलो.

पद्मिनी : आम्ही दोघं आहोत. साडेतेरा-साडेतेरा.

अहिल्या : आणि तीन आठवड्यांनंतर?

पद्मिनी : तिकिटं पुढे ढकल.

अहिल्या : मी महिनाभर मागे लागलेय, दिवाळीपर्यंत राहा. तेव्हा काय म्हणालात, सोसायटीच्या टाकीचं काम आहे.

गुरुनाथ : अकरा वर्षं गळतेय. आणखी महिनाभर गळेल.

अहिल्या : माझ्यासाठी नाही थांबलात.

गुरुनाथ : तुझा पाय मोडलेला नव्हता.

अहिल्या : ...हॅलो? सॉरी. येस. वी विल टेक हर. हो, माझे पेरेंट्स घरी असतात. हो, जिना आहे. बाबा, त्या म्हणतात, तिने आयुष्यात जिना बघितलेला नाही. काचेचं दारही नाही, आपटते म्हणे. खालीच ठेवावं लागेल.

गुरुनाथ : मीही खाली झोपेन. आणि दारावर माझी पाटी लावू.

अहिल्या : आणि विचारतायत, नाव बदलणार का? बरेच लोक बदलतात.

गुरुनाथ : नाही म्हण. नाव होतं म्हणून सापडली.

अहिल्या : नो, वी विल कीप इट. थँक यू सो मच. थँक यू... झालं. चार दिवसांनी घरी आणून सोडतील. आता सुशांतला कसं सांगायचं ते तुम्ही बघा. चला, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. वीणाकाकू, काका, चला, बस तिकडे आहे. आणि उपोषण संपलं ना?

गुरुनाथ : एक सुटली. उद्या पुन्हा चार नंबर पळेल, आणि पुन्हा ठीक असेल. हे बंद होईपर्यंत दर आठवड्याला इथल्या सरकारला माझं एक पत्र जाईल. इंग्रजीत.

पद्मिनी : आता इंग्रजीत?

गुरुनाथ : तक्रार आहे ना.

अहिल्या : उद्या लिहा. उठा आता, ती खुर्ची गार्डला परत करायचीय.

गुरुनाथ : पुस्तिका मला दे. ते पान मी जपून ठेवणार आहे.

पद्मिनी : हं, धरा. तेल लागेल शर्टाला.

गुरुनाथ : लागू दे. पद्मिनी...

पद्मिनी : आता काय?

गुरुनाथ : ह्यात बांधलेल्या होत्या ना, त्यातली एक दे. बसमध्ये सगळ्यांसमोर बरं दिसणार नाही.