शिवतेजची डिस्क

उंब्रजला एसटीत चढलेले नवरा-बायको प्रभावतीबाईंच्या पुढच्याच सीटवर बसले. बाईच्या आवाजानं प्रभावतीबाईंची डुलकी मोडली.

"आवं, शिवतेज भावजींनी बॉर्डरवनं बोलून ठेवल्यालं सगळं गेलं तर न्हाई ना?"

"गेलं न्हाई. डिस्क भरलीया शिवतेजच्या मॅकवर, त्या ॲपलच्या कंप्युटरवर, आन् आपला हाय विंडोजचा. त्याला ती वाचता येत न्हाई, म्हनून फॉरमॅट करू का इचारतोय."

"म्हंजी?"

"सगळं पुसू का."

"मग तुमी काय दाबलं?"

"कायबी न्हाई. लय भ्या वाटलं. तसंच चालू ठिवून निघालो. कराडात दुकानदाराला इचारून मगच हात लावायचा."

"मॅकमदी असंल की."

"मॅक अपघातात त्याच्यासंगंच गेला. जे हाय ते ह्या डिस्कवर."

"घरात आबा एकलंच हायती."

"हात लावू नका म्हनलंय."

"ऐकू गेलं का त्यास्नी?"

नवऱ्यानं घाईघाईनं फोन लावला. आबांचा आवाज पार मागच्या सीटपर्यंत आला.

"अरं, ते इंग्रजीत सारखं इचारत हुतं. शिवतेजला बोलाया लावू का म्हनत असंल, म्हनून मी दर खेपंला व्हय दाबलं. आता हिरवी पट्टी सरकतीया. कवा बोलंल रं त्यो?"