तयार पीठ

नाही नाही, सायली मॅडम, राऊटरचा पासवर्ड देतो म्हटलं ना — देतो! रविराजनं शब्द दिला म्हणजे दिला. पण आधी ऐकून तर घ्या. राऊटर तुमचा, त्यातलं व्हीपीएन, नेटवर काय करता ते झाकणारं, मी टाकलेलं, आणि आता ते काढून तुम्हाला मूळ कोडवरून, म्हणजे सोर्सवरून, स्वतः कंपाइल केलेलं टाकायचंय. कशाला? माझी फाईल तयार असते, टाकली की चालू — गंगापूर रोडच्या अर्ध्या सोसायट्या वापरतात, कुणाची कधी तक्रार नाही. सोर्स म्हणजे काय हो? गहू! निवडा, वाळवा, गिरणीत न्या, समोर उभं राहून दळून आणा — एवढं कोण करतं हल्ली? तयार पिठाची पिशवी फोडायची, पोळ्या लाटायच्या. पिशवीत काय असणार? पीठच असणार!

हां, समोर दळलं की कुणी त्यात काही मिसळत नाही, खरंय. आमची आईसुद्धा गिरणीवाल्यावर डोळा ठेवून उभी राहायची. पण विश्वास म्हणून काही असतं की नाही? बसा हो, उभ्या का? चहा सांगितलाय. सकाळी तुमचा फोन आला तेव्हाच ठरवलं, मॅडम आल्या की निवांत बसायचं. होऊ द्या लॅपटॉपवर तुमचं दळण, घाई काय — हर्षालीची शाळेची व्हॅन यायला अजून वेळ आहे. काय? नाव? तुम्हीच म्हणालात की मागे. नाही? मग आणखी कुणी म्हणालं असेल. आणि हे बघा, पुण्यातल्या शाळा शोधताय, सामानासाठी टेम्पोवाले शोधताय, तेही मी बाहेर कुणाला बोललो नाही —

असं नका बघू. परका कुणी बघत असता तर गोष्ट वेगळी. जीवनराव आले होते दिंडोरीहून, याच खुर्चीत बसले होते. ढसाढसा रडला हो माणूस! म्हणाले, बायको पोरीला घेऊन निघून आली, कुठं काय करते एवढं तरी कळू दे. मी काय दगड आहे? तुमच्या त्या फाईलीत दोन ओळी जास्तीच्या घातल्या, नेटवर काय शोधता ते दिसावं एवढ्यापुरत्या, बस्स. तुम्ही का निघून आलात ते मी विचारलं नाही, मला काय करायचंय? घरातली गोष्ट घरातच राहिली ना! आणि आता मीच वाईट? चोर सोडून संन्याशाला फाशी!

झालं दळण? बघू. सोर्स तोच, आणि तुमची फाईल लहान... माझी मोठी. हं. त्याचा फोटो कशाला काढताय? ठेवा तो फोन. आत रेंज नसते इथं, कुणाला लागायचा नाही. पासवर्ड देतो ना, चहा तरी येऊ द्या —

नाही, चहावाला नाही तो. पांढरी गाडी लागलीय बाहेर. बसा. अहो, बसा म्हणतो ना! एवढं घाबरायला काय झालं — नवराच तर आहे.