टेबलाखालचं काळं पिल्लू

फरशीवर स्टीलची वाटी पडली आणि जनावरांच्या दवाखान्यातली शांतता मोडली. माझ्या कडेवरचं बाळ दचकलं. समोर कुत्र्याचं पिल्लू न्यायला आलेली बाई ताडकन उभी राहिली आणि तिची सहा-सात वर्षांची लेक तिच्यामागे लपली.

“बसा ताई, मीच पाडली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पिल्लं अशीच पारखते मी. हे तपकिरी बघा, पळालं आणि लगेच वाटी हुंगायला परत आलं. मुलाबाळांच्या घरात असंच हवं.”

“मग हेच द्या. आमचे हे गाडीत थांबलेत, दोनदा फोन येऊन गेला.”

“मला ते टेबलाखालचं काळं हवंय,” लेक म्हणाली.

“ते भित्रं आहे गं. एकदा लपलं की तासभर बाहेर येत नाही.”

“मीपण नाही येत.”

“काहीही बोलते, डॉक्टर. गोष्टी रचायची सवयच आहे हिला.”

“कुठे लपतेस तू?” डॉक्टरीणबाईंनी लेकीला विचारलं.

“कपाटात. आम्ही दोघं मावू तिथे.”

“गप्प बस म्हटलं ना... हॅलो, हो, निघालेच. नाही हो, उलट कुठे बोलतेय मी? आलेच. डॉक्टर, तपकिरीच द्या, पण लवकर.”

“देते. काळ्यासाठी मी एखादं शांत घर बघेन.”

लेकीने टेबलाखाली वाकून पाहिलं, मग आईचा हात ओढला.

“आई, मग आपणपण तिथेच राहायला जायचं का?”